हॅस्केलच्या प्रेल्यूडमधली स्ट्रिंग आता तरी बदला

धागाकर्ता:
हॅस्केल या प्रोग्रॅमिंग भाषेत काहीही इम्पोर्ट न करता जे हाताशी येतं ते प्रेल्यूड, आणि त्यातली स्ट्रिंग, म्हणजे मजकूर ठेवायचा प्रकार, अजूनही कॅरॅक्टरची साधी लिंक्ड लिस्ट (एकाला पुढचं जोडलेली साखळी). जीएचसीआयमध्ये (जीएचसी या हॅस्केल कंपायलरसोबत येणारी, कोड लगेच चालवून बघायची सोय) प्रिंट "पुणे" टाकून बघा, समोर येतं \२३४६\२३६९\२३३९\२३७५. प्रिंट आतून वापरतं ते शो फंक्शन आस्कीपलीकडचं (इंग्रजी अक्षरं-चिन्हांपलीकडचं) काही सरळ दाखवतच नाही, हॅस्केल ९८ या भाषेच्या जुन्या प्रमाण आवृत्तीत ठरलं ते आजतागायत तसंच. वर ६४ बिट मशीनवर देवनागरीच्या एकेका कोडपॉइंटला (युनिकोड चिन्हाला), म्हणजे मात्राही वेगळी मोजून, ४० बाइट जातात, टेक्स्ट या वेगळ्या लायब्ररीच्या २.० आवृत्तीत तेच ३ बाइटात बसतं. पोरं शिकताना पहिल्या दिवशी स्ट्रिंग शिकतात आणि कामाला लागली की त्यांना सांगावं लागतं ती वापरू नका. मला हे मनापासून खटकतं.

प्रतिसाद १:
अजिबात पटलं नाही. मी शिकवते, आणि स्ट्रिंग ही लिस्ट आहे म्हणूनच मॅप, फिल्टर, रिव्हर्स ही लिस्टवरची फंक्शनं सगळी पोरांना शब्दांवर लगेच करून बघता येतात. आणि मोडतोडीचा त्रास कोण काढणार? २०१५ ला जीएचसी ७.१० मध्ये अॅप्लिकेटिव्हला मोनॅडचा सुपरक्लास केलं (दोन्ही टाइपक्लास; म्हणजे मोनॅड असलेला प्रत्येक प्रकार अॅप्लिकेटिव्हही असणं सक्तीचं झालं), निर्णय बरोबरच होता, पण ज्यांनी स्वतःचे मोनॅड लिहिले होते ते सगळे अॅप्लिकेटिव्हचे नवे इन्स्टन्स (त्या प्रकारासाठीची व्याख्या) जोडत बसले, मी पण त्यातलीच. त्याच रिलीजमध्ये लांबी मोजणारं लेंग्थ फक्त लिस्टवरून फोल्डेबलवर (घटक एकेक करून गोळा करता येतात अशा कुठल्याही प्रकारावर) गेलं, आता (१, २) या जोडीची लेंग्थ १ येते, हे वर्गात कसं समजावू सांगा?

प्रतिसाद २:
लेंग्थचं मान्य ताई, तो घोळच आहे. पण म्हणून हातच लावायचा नाही का? लिस्टचा पहिला घटक देणारं हेड रिकाम्या लिस्टवर पडतं, आणि जुन्या जीएचसीत एरर यायची फक्त "एम्प्टी लिस्ट", ओळ नंबर नाही काही नाही, मी एकदा अख्खी रात्र एक हेड शोधण्यात घालवलीये. जीएचसी ९.८ पासून कंपायलर हेडवर वॉर्निंग देतो, कुणाचा जुना कोड मोडला नाही. फोल्डएल प्राइमही (लिस्ट एका उत्तरात गोळा करणारं, हिशेब साचू न देणारं फंक्शन) ९.१० मध्ये प्रेल्यूडमध्ये आलं. सावकाश होतं पण होतं.

धागाकर्ता:
हेड टाळता येतं हो, स्ट्रिंग कशी टाळणार? शो, रीडफाइल, पुटस्ट्रलाइन, एरर सगळ्यांना तीच लागते, मग दर चार ओळींमागे पॅक आणि अनपॅक (स्ट्रिंगचं टेक्स्ट आणि उलट). लिस्टवाली ठेवा शिकवायला, काढा म्हणतच नाहीये, पण टेक्स्ट घेणारी पुटस्ट्रलाइन (ओळ छापणारं फंक्शन) तरी प्रेल्यूडमध्ये द्या.

प्रतिसाद १:
जुनीला धक्का न लावता नवीन नावाने देणार असाल तर माझी हरकत नाही. त्याच नावाने दिलीत तर मात्र माझा विरोध कायम.