क्लिफर्ड एकाच मोसमात तीन संघांकडून? केरीची क्लब चॅम्पियनशिप समजावून सांगा

प्रतापनगरकर:
मंडळी, माझी धाकटी बहीण आयर्लंडात किलार्नीत नर्स आहे. भाचा तिथल्या क्लबात गेलिक फुटबॉल खेळून राहिला, अन् त्याच्यापायी आमच्याही घरी हा खेळ लागतो. तिथले दुपारचे अडीच म्हणजे ऑगस्ट-सप्टेंबरात आपले संध्याकाळचे सात. आई स्वयंपाक आधीच आटपून ठेवते अन् समोर येऊन बसते.

खेळ समजतो. 15 जणांचा संघ, चेंडू आडव्या दांड्याखालून जाळीत गेला तर गोल, म्हणजे 3 गुण. वरून गेला तर 1. आधीचा आकडा गोलांचा, नंतरचा वरून मारलेल्या गुणांचा, म्हणून 0-19 विरुद्ध 1-13 म्हणजे 19 विरुद्ध 16, हेही आईला सांगता येतं. गाडी अडते स्पर्धेत. डेव्हिड क्लिफर्डनं जुलै 2022 मध्ये केरी काउंटीकडून (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं) ऑल-आयर्लंड, म्हणजे अख्ख्या आयर्लंडची स्पर्धा जिंकली, गॉलवेला 0-20 विरुद्ध 0-16 हरवून. मग ईस्ट केरीकडून काउंटी चॅम्पियनशिप. अन् जानेवारी 2023 मध्ये क्रोक पार्कवर फोसाकडून ऑल-आयर्लंड ज्युनियर क्लब! इतका मोठा खेळाडू ज्युनियरमध्ये काहून? अन् काउंटी जिंकली ईस्ट केरीनं, तर मन्स्टर प्रांताच्या स्पर्धेत ट्रालीचा केरिन्स ओ'राहिलीज क्लब कसा गेला?

कॉर्कचा विदर्भी:
दादा, ज्युनियर म्हणजे वय नाही, क्लबची पायरी. सीनियर, इंटरमीडिएट, ज्युनियर. फोसा किलार्नीजवळचं लहानसं गाव, त्यांचा क्लब तेव्हा ज्युनियरमध्ये होता. क्लिफर्ड बंधू त्याच गावचे, म्हणून ते तिथेच खेळणार. मोठ्या क्लबात जाण्याचा विषयच निघत नाही. देशात सगळ्यात भारी खेळतो म्हणून गाव बदलत नाही ना!

आता ईस्ट केरी. हा क्लब नाही, विभागीय संघ आहे. पारशिवनी तालुक्यातल्या लहान लहान गावांनी आपापले चांगले पोट्टे देऊन एक संघ उतरवावा, तसं. फोसा, ग्लेनफ्लेस्क, लिस्ट्री असे क्लब त्यात येतात. म्हणजे लहान गावच्या पोरालाही काउंटीच्या वरच्या स्पर्धेत खेळता येतं अन् गावाची जर्सीही सुटत नाही. मला केरीची ही रीत फार आवडते. पण प्रांताची स्पर्धा फक्त क्लबांची. विभागीय संघानं काउंटी जिंकली, तर मन्स्टरमध्ये केरीचा सीनियर क्लब विजेता जातो. 2022 मध्ये तो मान ओ'राहिलीजचा होता, अन् त्यांनी मन्स्टर जिंकलंही.

कामठी रोड:
आमच्याकडे सगळं असोसिएशन फुटबॉलचं वेड, हा खेळ पहिल्यांदाच ऐकतो. यात पैसा किती मिळतो?

कॉर्कचा विदर्भी:
खेळण्याचा पगार नाही. काउंटीच्या खेळाडूंना प्रवासखर्च वगैरे मिळतो, पण पोटापाण्याची नोकरी वेगळी. माझ्या ओळखीचे लोक दिवसभर ड्यूटी करून रात्री दिव्यांच्या उजेडात सरावाला जातात, पावसातसुद्धा. हे पाहिल्यावर या खेळावर जीव जडतोच.

प्रतापनगरकर:
आता समजलं! फोसाच्या सामन्याला भाचा एवढा का पेटला होता तेही कळलं, त्याच्या शाळेतले काही पोट्टे त्याच गावचे आहेत. आईला उद्याच सांगतो. तिला क्लिफर्ड आवडतो, डाव्या पायानं मारतो म्हणून. माझे बाबाही डावरे होते. केरीशिवाय अजून कुठली काउंटी पाहावी?

कॉर्कचा विदर्भी:
टायरोन, डोळे झाकून. तिथल्या सीनियर चॅम्पियनशिपला गटसाखळी नाही, पहिल्याच सामन्यापासून बाद फेरी. वर्षभर घाम गाळायचा अन् तासाभरात मोसम संपू शकतो, म्हणून पहिल्या फेरीलाही फायनलसारखा आवाज असतो. अन् आईंना एक सांगून ठेवा: 2025 पासून 40 मीटरच्या कमानीबाहेरून मारलेला चेंडू दांड्यावरून गेला तर 2 गुण. पंच त्याला नारंगी झेंडा दाखवतात.