विषय: मुंबई–लंडन विमानप्रवास, तास नेमके किती धरायचे?

नमस्कार मंडळी,

आई-बाबा पुढच्या महिन्यात मुंबईहून थेट विमानाने लंडनला येतायत. बाबांच्या गोळ्यांच्या वेळा बसवायच्या आहेत, म्हणून विचारतेय. हवाई अंतर साधारण 7,200 किमी आहे. ताशी 900 किमी वेग धरला तर 8 तास होतात. तिकिटावर मात्र रात्री 2 ला निघून सकाळी साडेसातला पोचतं असं आहे, म्हणजे साडेपाचच तास! यातलं खरं काय?

---

नमस्कार ताई,

गोळ्यांसाठी 10 तास धरा. तिकिटावरच्या वेळा त्या त्या शहराच्या घड्याळाप्रमाणे असतात. सध्या ब्रिटनमध्ये उन्हाळी वेळ (घड्याळं एक तास पुढे केलेली) चालू असल्याने भारत साडेचार तास पुढे आहे. साडेपाचात साडेचार मिळवले की झाले 10. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून हाच फरक साडेपाच तासांचा होईल.

आता 8 चे 10 का होतात ते सांगतो, कारण मला हा विषय फार आवडतो. 7,200 किमी हे पृथ्वीच्या गोलावरचं सर्वांत जवळचं अंतर. ती रेषा बलुचिस्तान, इराण, कॉकेशस (कॅस्पियन आणि काळ्या समुद्रामधला डोंगराळ भाग) आणि मग युक्रेनवरून जाते. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून नागरी विमानांना बंद आहे, आणि भारतीय कंपन्यांच्या विमानांसाठी पाकिस्तानने एप्रिल 2025 मध्ये आपलं आकाश बंद केलं. म्हणजे वळसा आलाच.

त्यात वारा. विमानं उडतात त्या उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात, हिवाळ्यात तर फारच. समजा सरासरी 100 किमीचा वारा समोरून आला, तर जमिनीच्या हिशेबाने वेग 800 उरतो आणि तेच अंतर कापायला 9 तास लागतात. पाठीमागून आला तर सव्वासात तासांत काम होतं. फेब्रुवारी 2020 मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक प्रवासी विमान न्यूयॉर्कहून लंडनला 5 तासांच्या आत पोचलं होतं!

शिवाय वेळापत्रकातला काळ विमान जागेवरून हललं तेव्हापासून पुन्हा जागेवर उभं राहीपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची रांग आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याआधीच्या घिरट्या त्यातच आल्या.

---

काका, मनापासून आभार. मग परतीलाही साडेचार मिळवायचे का?

---

नाही, वजा करायचे. लंडनहून सकाळी 10 ला निघून मुंबईत रात्री साडेअकराला उतरणार असतील, तर साडेतेरातून साडेचार गेले, प्रवास 9 तासांचा. गोळ्यांमधलं अंतर मात्र डॉक्टरांनाच विचारा, आणि गोळ्या हातातल्या बॅगेत ठेवायला सांगा. विमानाला उशीर झाला तर सामानातल्या गोळ्यांपर्यंत हात पोचणार नाही.