जलसमाधी 'मिळते' की 'घेतात'?

घाटावरची (सांगली) : कलाशाखेच्या मुलांसाठी मोठ्या छापील फोटोंचं छोटं प्रदर्शन लावतोय. विषय : समुद्रातून युरोपकडे निघून वाटेतच बुडालेली माणसं आणि त्यावर कलाकारांनी केलेलं काम. मराठी पाट्या माझ्याकडे. क्रिस्टोफ ब्यूखेल या कलाकाराच्या 'बार्का नोस्त्रा'ची ('आमची बोट') पाटी अशी : "१८ एप्रिल २०१५ रोजी लिबियाहून इटलीकडे निघालेली ही मासेमारी बोट बुडाली. सातशेहून अधिक स्थलांतरितांना जलसमाधी मिळाली. वाचले फक्त २८. पुढच्या वर्षी इटलीच्या नौदलाने बोट समुद्रतळावरून वर काढली आणि २०१९च्या व्हेनिस बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात) ती तशीच उभी केली गेली." आमच्या ओळखीतल्या एका निवृत्त मराठीच्या सरांनी 'जलसमाधी'खाली लाल रेघ ओढली. म्हणे, समाधी घेतात, मिळत नाही. पेपरात तर नेहमी वाचतो. काय लिहू?

शुद्धमती (सातारा) : सरांचं बरोबर आहे. समाधी संकल्पपूर्वक असते. ज्ञानेश्वरांनी आळंदीला घेतली, रामाने शरयूत घेतली. बोटीच्या पोटात कोंडलेल्या माणसांनी कसला संकल्प केला होता? 'बुडून मृत्यू पावले' लिहावे. स्वच्छ आहे.

मिरजमार्गे : ताई, क्रियापद बदललं की अर्थ बदलतो. मोक्ष 'मिळतो', सद्गती 'मिळते', तिथे कुठे कुणाला विचारून मिळते? 'जहाजाला जलसमाधी मिळाली' हे आपल्या आज्यापासून चालत आलंय. आता मुळापासून उपटणार का?

शुद्धमती : जहाजाला खुशाल मिळो. माणसांबद्दल बोलते आहे. धरणग्रस्त 'जलसमाधी घेऊ' असा इशारा देतात तेव्हा तहसीलदार धावत येतो, कारण त्या शब्दात निर्णय त्यांचा असतो. तोच शब्द बुडालेल्यांना लावलात की बोटीत दाटीवाटीने कोंबणारा दलाल सुटला, दार लावून बसलेली सरकारंही सुटली. राहिलं काय, तर समुद्र आणि पुण्य.

मिरजमार्गे : हा मुद्दा मान्य. पण तो राजकारणाचा झाला, व्याकरणाचा नाही.

आटपाडीकर : मी तर आधीच अडलोय, 'स्थलांतरित'वर. स्थलांतर फ्लेमिंगो करतात. आमच्याकडं बाहात्तरच्या दुष्काळात माणसं 'जगायला गेली' म्हणत्यात, अजून म्हणत्यात. विट्या-आटपाडीची निम्मी घरं गलाईच्या, म्हंजी सोनं-चांदी गाळायच्या धंद्यात मुलूखभर पांगली, त्यातलं एकबी 'स्थलांतरित' झाल्याचं मी ऐकलं नाही. ऊसतोडीला येतात तीबी जगायलाच येतात. सरळ लिवा : जगायला निघालेली सातशेच्या वर माणसं बुडून मेली.

शुद्धमती : वाक्य चांगलं आहे, पण बोलीतला प्रयोग प्रदर्शनाच्या पाटीवर? बाहेरच्याला काय कळणार?

मिरजमार्गे : सांगलीतलं प्रदर्शन बघायला बाहेरचं कोण येतंय?

कोचीवारी : मी येईन की! पण 'निर्वासित' का नको? फाळणीनंतर आपल्याकडे तोच शब्द होता. कोल्हापूरजवळ वळिवड्याला युद्धात पोलंडची माणसं राहिली, नंतर सिंधी आले, त्यांनाही निर्वासितच म्हटलं.
दुसरं, पाट्यांत राऊल झुरिता घ्या. २०१६च्या कोची बिएनालेत या चिलीच्या कवीने अ‍ॅस्पिनवॉल हाउसचं एक दालन समुद्राच्या पाण्याने भरून टाकलं होतं. एका हातात चपला, दुसऱ्या हाताने सलवार वर धरलेली, पाय चाचपडत पलीकडच्या भिंतीपर्यंत जायचं, मग तिथली कविता वाचायची. ती होती गालिप कुर्दीसाठी, २०१५त समुद्रात बुडालेल्या सीरियन एलानच्या थोरल्या भावासाठी. तोही त्याच वेळी बुडाला. किनाऱ्यावर पालथ्या पडलेल्या एलानचा फोटो जगभर फिरला, गालिपचा नाही. मागून येणारी शाळेची पोरं पाणी उडवत होती. त्यांचाही राग आला नाही.

मिरजमार्गे : एलानवरून आठवलं. आय वेवेई हा चिनी कलाकार स्वतः त्या पोरासारखा किनाऱ्यावर पालथा पडला आणि फोटो काढून घेतला, तोही भारतातल्या एका मासिकासाठी. त्याला मराठीत एकच शब्द : सोंग. बर्लिनच्या कॉन्सर्टहाउसच्या खांबांना त्याने ग्रीसच्या लेस्बॉस बेटावरची १४,००० लाइफ जॅकेटं बांधली, ते मात्र पटलं. ती खरीच कुणाच्या तरी अंगावर होती.

शुद्धमती : 'जीवरक्षक जाकीट'.

मिरजमार्गे : जाकीट तरी कुठलं मराठी, ताई?

काहीलवाला (पलूस) : २०१९च्या पुरात आमच्याकडं जाकीटबी नव्हतं आणि शब्दबी नव्हता. गुऱ्हाळाच्या काहिलीत, म्हंजी रस आटवायच्या मोठ्या कढईत, आजीला बसवून माळावर आणली. दोघं पोहत काठ धरून, आजी मधी, तिच्या मांडीवर शेळीचं करडू. हलू नको म्हटलं तर म्हणते, करडाला सांगा. ब्रह्मनाळची बोट उलटली त्या दिवशी 'माणसं गेली' एवढंच कानावर आलं. 'जलसमाधी' कुणी म्हटलेलं मी ऐकलं नाही.

कोचीवारी : दादा, हे लिहून ठेवा कुठेतरी.

मिरजमार्गे : एक सांगायचं राहिलं. व्हेनिसला त्या बोटीजवळ पाटीच नव्हती. बोट शेकडो माणसांची शवपेटी होती हे न कळता लोक शेजारच्या कॅफेत कॉफी पीत होते, सेल्फी काढत होते. त्यावरून टीकाही झाली. कलाकाराने जी लावलीच नाही त्या पाटीवर आपण इथे डोकं फोडतोय.

शुद्धमती : मग आपली पाटी जास्तच नीट हवी.

घाटावरची : उद्या छपाईला द्यायचंय. 'जगायला निघालेली' घेतलं, 'बुडून मेली' घेतलं. सरांना फोनवर वाचून दाखवलं. आता त्यांना 'मेली' नको, 'मृत्युमुखी पडली' हवंय. शिवाय 'इन्स्टॉलेशन'ला त्यांनी 'मांडणशिल्प' सुचवलंय. की 'मांडणीशिल्प'?

शुद्धमती : मांडणशिल्प. आणि 'मासेमारी बोट' हा काय प्रकार? 'मच्छीमार नौका'.

आटपाडीकर : नौका म्हटलं की मला पिकनिकच दिसते.

मिरजमार्गे : काहीलवाले दादा, 'काहिलीत' की 'काइलीत'? आमच्या कराडच्या मामांकडे काइलच म्हणतात.

काहीलवाला (पलूस) : कराडचं सोडा. काहीलच.