मदत हवी आहे: वीज मंडळ तुटल्याचा परिणाम मोजायचा कसा?

नमस्कार मंडळी. मी कुडाळचा, एम.ए.च्या प्रबंधासाठी विषय घेतलाय राज्य वीज मंडळाच्या विभाजनाचा. 2003च्या वीज कायद्यानंतर जून 2005 मध्ये मंडळाचे तुकडे झाले. आता पोफळीचं वीजघर महानिर्मिती चालवते, मोठ्या वाहिन्या महापारेषणकडे आणि घरी बिल येतं महावितरणचं. (आमचे आबा अजून ‘एमएसईबीचा वायरमन’च म्हणतात, ते सोडा.)

अडचण अशी की 2005 आधीची आणि नंतरची वीजगळती नुसती शेजारी मांडली, तर फरक विभाजनामुळे की नवीन मीटर, दरवाढ, भारनियमन यांमुळे, हे कसं ठरवणार? त्यात 2020चं ‘निसर्ग’ आणि 2021चं ‘तौक्ते’ ही चक्रीवादळं. खांबच आडवे झाले तिथे आकडे काय बोलणार!

एक विचार सुचलाय: गोव्यात वीज अजून सरकारी खात्याकडेच आहे. मग बांदा-सावंतवाडी आणि पलीकडचं पेडणे यांची तुलना चालेल का? पाऊस तोच, झाडंही तीच. पण गोव्याचे दर आणि अनुदान वेगळं, तिथे गाडी अडते.

आणि मंडळाच्या काळातले तालुकानिहाय जुने आकडे कुठे मिळतील? कोणी निवृत्त अभियंता असाल तर कृपया सांगा.