कनिंगहॅम आणि यूएल : गरिबी एकच, मग वळण वेगळे का?

गोदाकाठ (नाशिक) : हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’ (1960) या कादंबरीत मंदीच्या काळातल्या अलाबामामधली दोन दरिद्री गोरी कुटुंबे आहेत. वॉल्टर कनिंगहॅम शाळेत डब्याविना येतो, पण शिक्षिकेने पुढे केलेले नाणे घेत नाही, कारण ते फेडता येणार नाही हे त्याला ठाऊक आहे; त्याचे वडील तर वकील अ‍ॅटिकसची फी सरपण आणि भाजीपाला देऊन चुकवतात. बॉब यूएल मात्र सरकारी मदतीचे पैसे दारूत घालवतो आणि घरी मुले उपाशी राहतात. हा फरक संस्कारांचाच आहे, असे माझे मत आहे.

निफाडकर : परिस्थिती सारखी होती, हेच मला मान्य नाही. कनिंगहॅमकडे जमीन आहे. ती कर्जात आणि कज्ज्यात अडकलेली असली, तरी सरकारी रोजगार पत्करला तर शेत ओस पडेल म्हणून तो अर्धपोटी राहणे पसंत करतो. आमच्याकडे द्राक्षबागाईतदाराला औषधे उधार मिळतात, तेव्हा दुकानदार बागेकडे पाहतो, स्वभावाकडे नव्हे. यूएल उकिरड्यामागे राहतो, आणि गावानेही त्या घरावर पाणी सोडले आहे : मुलांनी पहिल्या दिवशी तोंड दाखवले की शाळा वर्षभर डोळेझाक करते, बापाला बंदीच्या काळातही शिकार करू देतात. ज्याच्याकडून कोणाची काहीच अपेक्षा नाही, त्याने बाणा दाखवायचा कोणाला?

पेठची शिक्षिका : निफाडकर, सुरगाणा-पेठकडून तुमच्याच बागांत कामाला येणारी माणसे घेतलेली उचल हंगामभर राबून फेडतात, त्यांतल्या कित्येकांच्या नावावर गुंठाभरही जमीन नसते. त्यामुळे बाण्याला सातबारा लागतो, हे मला पटत नाही. कादंबरीतही यूएलच्या घरापुढे थोड्याच अंतरावर कृष्णवर्णीयांची वस्ती आहे. गावाने त्यांना यूएलपेक्षाही खाली लोटले आहे, तरी त्यांची घरे नीटनेटकी आहेत. शिवाय बॉबला सरकारी काम मिळाले होते, ते त्याने आळसाने घालवले. उलट त्याच अंगणात बॉबची मुलगी मेएला फुटक्या भांड्यांत लाल जिरेनियम जपते. टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीयाने आपल्यावर बलात्कार केला, अशी खोटी साक्ष ती कोर्टात देते हे खरे, पण बापाच्या धाकात वाढलेल्या त्या मुलीला आणि बापाला ‘यूएल’ म्हणून एकाच मापाने मोजणे मला अन्यायाचे वाटते.

सिडकोवासी : कनिंगहॅमलाही फार उंच बसवू नये. टॉम रॉबिन्सनला तुरुंगातून ओढून काढायला रात्री जो जमाव येतो, त्यात थोरला कनिंगहॅम आहे. कर्ज बुडवायचे नाही ही त्याची नीती, पण एका निरपराध कृष्णवर्णीयाचा जीव तिच्या हिशेबात बसत नाही. अ‍ॅटिकसची लहानगी मुलगी स्काउट त्याच्या मुलाची विचारपूस करते, तेव्हा तो ओशाळतो आणि सगळ्यांना घेऊन माघारी जातो. कोर्टात उघडा पडलेला बॉब मात्र पुढे अ‍ॅटिकसच्या मुलांवर अंधारात चाल करून जातो.

निफाडकर : कनिंगहॅमला ओशाळायला चारचौघांत नाव तरी होते, एवढे माझे म्हणणे कायम आहे. बॉबच्या आळसाची आणि हल्ल्याची वकिली मी करत नाही. पण मेएलाच्या कुंड्यांकडे संस्कार म्हणून पाहायचे, तर ते तिला घरातून मिळालेले नाहीत, आणि मग गोदाकाठ यांच्या मूळ मुद्द्याचे काय होते, ते त्यांनीच सांगावे.