चालत्या प्लेस्टेशनला डाग देणं हा गुन्हा आहे का?

कथील

काल 'मूळरूप' यांनी इथल्या चर्चेत लिहिलेलं एक वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. मॉडचिप म्हणजे प्रत काढलेली किंवा परक्या प्रदेशाची डिस्कही चालावी म्हणून यंत्राच्या बोर्डाला डाग देऊन, म्हणजे सोल्डर करून, जोडलेली छोटी चिप. वाक्य असं: "चालू स्थितीतल्या जुन्या प्लेस्टेशनला मॉडचिपसाठी डाग देणारा माणूस आणि जुन्या दगडी भिंतीवर खिळ्याने नाव कोरणारा माणूस, यांच्यात मला काही फरक दिसत नाही."

मला दिसतो. कोरलेलं नाव परत भरून येत नाही. चिपेच्या सहा तारा दहा मिनिटांत निघतात, कथील शोषणारी तांब्याची वात लावून पॅड (बोर्डावरची डाग द्यायची जागा) साफ केला की तिथे काही होतं हे भिंगाखालीच कळतं.

वारसा हा शब्द जपून वापरा. डिसेंबर १९९४ मध्ये जपानात आलेलं हे यंत्र पुढे १० कोटींहून जास्त विकलं गेलं. माझ्याकडचं एससीपीएच-७५०२ मॉडेल काही एकुलतं एक हस्तलिखित नाही. माझ्या लहानपणीच्या डिस्का मात्र एकुलत्या एक आहेत. त्यातल्या दोन ओरखड्यांनी अर्धमेल्या आहेत आणि एकीचा वरचा थर कडेने सुटायला लागलाय. त्यांच्या प्रती मी काढून ठेवल्या, पण प्रत चालत नाही, कारण सुरुवातीच्या पट्ट्यातली ती नागमोडी थरथर, जिच्यात यंत्र प्रदेशाची चार अक्षरं शोधतं, कुठलाच रायटर लिहू शकत नाही. चिप काय करते, तर तेवढीच चार अक्षरं ड्राइव्हच्या कंट्रोलरला ऐकवते. ४४ बिट, सेकंदाला २५० या गतीने, म्हणजे एका वेळेला १७६ मिलिसेकंद. बोर्डावरचा एकही ट्रॅक मी कापलेला नाही. एटीटाइनी८५ ही प्रोग्राम करता येणारी छोटी चिप, उघडा कोड, सहा तारा: वीज, ग्राउंड, डेटा, गेट (यंत्राचा स्वतःचा सिग्नल अडवणारी) आणि सबक्यू, म्हणजे डोकं डिस्कवर कुठे आहे ती माहिती, वाचायच्या दोन.

त्या शेवटच्या दोन तारांमुळेच चिप गप्प कधी बसायचं हे ओळखते. जुन्या चिपा अखंड बडबडायच्या, म्हणून १९९९ च्या आसपासचे काही गेम त्यांना पकडायचे. डोकं सुरुवातीच्या पट्ट्यात असेल तेव्हाच बोलायचं, एरवी नाही, एवढं आता ८ पायांच्या चिपला जमतं. ही कारागिरी आहे आणि तिला विध्वंस म्हटलेलं मला सहन होत नाही.

मूळरूप

वाक्य माझंच आहे आणि ते मी मागे घेत नाही.

तुम्ही तुमच्या हाताबद्दल बोलताय. मी दुसऱ्यांच्या हातांचं निस्तरत आलोय. मागच्या वर्षी घेतलेलं यंत्र उघडलं तर आत जाड तारा, सबंध बोर्डावर गरम गोंदाचा लगदा, दोन पॅड मुळासकट उखडलेले आणि ते लपवायला त्यावर आणखी गोंद. विकणाऱ्याने सांगितलं होतं, "कधी उघडलेलं नाही." तो गोंद काढायला मला दोन रविवार लागले आणि एक पॅड शेवटी आलाच नाही, बारीक तार ओढून पूल बांधावा लागला. तेव्हा 'परत निघतं' हे वाक्य माझ्यासमोर नको.

आणि गरज काय? मेमरी कार्डवरून तोच दरवाजा उघडतो. यंत्राचा एक स्क्रूही काढावा लागत नाही. ड्राइव्हच्या कंट्रोलरमध्ये कुलूप उघडायची कमांड सोनीनेच ठेवलेली आहे. ती वापरा आणि बोर्डाला हात लावू नका.

कथील

मेमरी कार्डचा उपाय मी वापरून बघितलाय. ते एक कार्ड साठवणीतून बाद होतं. दर वेळी यंत्र चालू करून कार्डाच्या पानावर जावं लागतं. आणि ती कमांड जपानी यंत्रांत चालत नाही, तिथे सरळ नकार येतो. माझ्याकडे जपानी यंत्रही आहे, त्याचं काय करू?

गोंदाच्या लगद्याबद्दल तुमचा राग मला पूर्ण मान्य आहे. पण तो राग गोंदावर काढा.

घासलेलंनाव

गोंदाआधी चिपांचं बोला. नव्वदीच्या दशकातल्या बहुतेक चिपा म्हणजे पिक १२सी५०८ हा छोटा मायक्रोकंट्रोलर, आणि वरचं नाव घासून टाकलेलं. आत कोड वाचता येऊ नये म्हणून संरक्षणाचा बिट चढवलेला. यंत्राचं कुलूप तोडून विकणाऱ्यांनी स्वतःच्या चिपेला कुलूप लावलं! माझ्या यंत्रात अशी एक आहे. ती कुठली आवृत्ती, गप्प बसणारी की बडबडी, काही कळायला मार्ग नाही. आज उघडा कोड मिळतो, प्रत्येक ओळ वाचता येते, तरी लोक स्वस्त म्हणून बेनामी चिपा बसवतात. कथील, तुम्ही उघडा कोड वापरला म्हणून मी तुमच्या बाजूने. बाकी मॉडचिप या प्रकाराच्या बाजूने नाही.

चक्ती

सगळे चिपेवर भांडताय आणि खरा मुद्दा कोणी काढत नाही. चिप बसली की माणूस कॉपी डिस्क लावतो. कॉपी डिस्कने लेन्स मरते. माझ्या दोन मेल्या. पहिली आठ महिन्यांत, दुसरी त्याहून लवकर. चिप बसवायच्या आधी तेच यंत्र पाच वर्षं बिनतक्रार चाललं होतं. याहून मोठा पुरावा मला नको.

तळघर

चक्ती, हे मी वीस वर्षं ऐकतोय. छापील डिस्कचं परावर्तन किमान ७० टक्के असावं लागतं, सीडी-आरचं ६५. फरक आहे, पण लेन्स मारणारा नाही. सीडी-आरडब्ल्यू १५ ते २५ टक्क्यांवर असते, तिथे प्लेस्टेशन हात टेकतं हे खरं.

लेन्स 'मेली' म्हणतात तेव्हा बहुतेक वेळा लेझर शाबूत असतो आणि सरकणी झिजलेली असते. पहिल्या मॉडेलांत पिकअपची, म्हणजे लेझर आणि लेन्स असलेल्या डोक्याची, सरकणी प्लॅस्टिकची, शेजारी वीजपुरवठ्याची ऊब. ती झिजून डोकं तिरकं व्हायचं. लोक यंत्र उलटं ठेवून खेळायचे ते कशामुळे? तेव्हा तर त्यांच्याकडे मूळ डिस्काच होत्या! पुढे सोनीने ड्राइव्ह त्या उबेपासून दूर नेला.

चक्ती

आकडे मला तोंडपाठ आहेत. ६५ आणि ७० हे चांगल्या डिस्कचे आकडे. हलक्या प्रतीच्या, घाईत लिहिलेल्या डिस्कचे नाहीत. ट्रॅक सापडेना की डोकं पुन्हा पुन्हा मागे-पुढे जातं, तो खरखर आवाज सगळ्यांनी ऐकलाय. झीज त्यानेच होते ना? म्हणजे तुमच्याच सरकणीच्या सिद्धांताने माझं म्हणणं सिद्ध झालं.

तळघर

शोधाशोधीने झीज वाढते, हे कबूल. लेझर मरतो हे नाही. तुम्ही लेन्स म्हणालात.

एक विचारतो, राग मानू नका. तुम्ही पॉट, म्हणजे जुळवणीचा छोटा फिरता स्क्रू, फिरवला होता का?

चक्ती

फिरवला होता. सगळेच फिरवायचे. डिस्क वाचेना म्हणून थोडासा फिरवला, लगेच वाचायला लागली.

तळघर

बस्स. मिळालं उत्तर. सुरुवातीच्या बोर्डांवर बायस आणि गेनचे, म्हणजे सिग्नल जुळवायचे, पॉट असतात, ते फिरवले तर एक वेळ परत जागेवर आणता येतात. पिकअपवरचा पॉट लेझरचा प्रवाह वाढवतो. तो वाढवला की डिस्क दोन महिने झकास वाचली जाते आणि डायोड जळत जातो. तुमची लेन्स कॉपीने मेली नाही, चक्ती. ती तुम्ही मारली.

चक्ती

तुम्ही माझं यंत्र बघितलंय? पहिल्या वेळी पॉटला हातसुद्धा लावला नव्हता, दुसऱ्या वेळी लावला. न बघता निकाल देणाऱ्यांशी मला बोलायचं नाही.

निळाझेंडा

दोघांनाही विनंती, आवाज जरा खाली. माझा अनुभव तिसराच आहे. मी तीन यंत्रांत चिपा बसवल्या, तिन्ही अजून वाचतात. पण मी डिस्क चांगल्या घेते, संथ गतीने लिहिते आणि रूळांवरचं जुनं, सुकलेलं ग्रीस पुसून नवं लावते. ते ग्रीस चिकट होतं आणि डोकं अडखळतं, मग माणूस पॉटकडे वळतो. आधी ग्रीस बघा.

मूळरूप

लेन्सवर एवढी झुंज चाललीय, त्यातून माझाच मुद्दा पुढे येतो. एक गोष्ट बदलली की दुसरी बदलावी लागते. चिप, मग कॉपी, मग पॉट, मग नवी लेन्स. शेवटी मूळ यंत्रात मूळ असं उरतं काय?

आणि कथील, तुम्ही स्वतः मागे लिहिलं होतं की पहिली चिप बसवताना तीन रात्री गेल्या. तीन रात्री तो बोर्ड तापत होता. तेही सांगा इथे.

कथील

सांगतो, लपवण्यासारखं काही नाही. चिप बसवली, चालेना. वाटलं, डाग कोरडा राहिला. पुन्हा दिला. वाटलं, तार चुकली. काढून पुन्हा लावली. तिसऱ्या रात्री लक्षात आलं की एटीटाइनी कारखान्यातून येते तेव्हा तिचं घड्याळ आठाने भागलेलं असतं. फ्यूज बिट, म्हणजे चिपेतली ती सेटिंग, बदलला नाही तर ८ मेगाहर्ट्झची चिप १ वर चालते. माझा ४ मिलिसेकंदांचा बिट ३२ चा झाला होता. चिप बरोबर तीच अक्षरं बोलत होती, पण इतकी संथ की कंट्रोलरला काही बोध होईना. डाग पहिल्यापासून उत्तम होते. मीच त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही.

तुम्ही म्हणाल, बोर्ड तीनदा तापला. हो. तो दोष माझा. चिप यंत्रात घालायच्या आधी टेबलावर बिटची लांबी मोजून घेतली असती तर एकदाच तापला असता. म्हणून आता कोणालाही सांगताना मी इस्त्रीच्या, म्हणजे सोल्डरिंग आयर्नच्या, आधी मापाचं बोलतो. आणि वीज बोर्डावरच्या ३.५ व्होल्टवरूनच घ्यायची. ५ व्होल्टवर चालवलेली चिप तेवढाच दाब त्या रेघांवर टाकते, आणि त्या रेघा त्यासाठी नाहीत.

घासलेलंनाव

आणि बोर्ड ओळखा आधी! पीयू-१८ बोर्डाची आकृती बघून पीयू-२२ बोर्डाला तारा लावणारे मी पाहिलेत. पीयू-२२ पासून पुढे गेटची रेघ नुसती खाली धरून भागत नाही, डब्ल्यूएफसीके या घड्याळ-सिग्नलच्या ठेक्यावर सिग्नल द्यावा लागतो. जुन्या चिपा इथेच पडतात आणि बदनामी सगळ्यांची होते.

सरळरेघ

तांत्रिक बाजू वाचली. पण कोणी स्पष्ट म्हणत नाही म्हणून मी म्हणतो: बहुतेकांनी चिपा फुकटात गेम खेळायला बसवल्या. स्वतःच्या डिस्कची प्रत काढणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. जतन हा शब्द नंतर आला.

कथील

त्या काळाबद्दल तुमचं खरं आहे, वाद घालत नाही. पण कायद्यानेही हा प्रश्न इतका सरळ मानलेला नाही. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयाने (तिथलं तेच सर्वोच्च) २००५ मध्ये सोनीच्या विरुद्ध निकाल दिला. चिप ज्या तपासणीला चकवते ती तपासणी प्रत काढणं थांबवतच नाही, प्रत निघाल्यावर ती चालवणं थांबवते, म्हणून तिला तिथल्या तेव्हाच्या कायद्यातलं संरक्षण लागू होत नाही, असं न्यायालय म्हणालं. दुसऱ्या देशांत निकाल वेगळे लागलेत. आणि प्रदेशबंदीचं काय? जपानी डिस्क मी पैसे मोजून घेतली, ती माझ्या पाल या टीव्ही पद्धतीच्या यंत्रावर चालू नये, यात कोणाची चोरी अडली?

निळाझेंडा

प्रदेशबंदीवर सहमत. फक्त पाल यंत्रावर जपानी गेम लावाल तर आरजीबी तार (लाल, हिरवा, निळा वेगवेगळे नेणारी) घ्या. कंपोझिटवर, म्हणजे साध्या एका तारेच्या जोडणीवर, रंग जातात आणि लोक समजतात चिप बिघडली.

मूळरूप

परक्या प्रदेशाच्या डिस्का आणि जपानी यंत्रं, एवढ्यापुरतं मी मानतो. जिथे कमांडचा दरवाजाच नाही तिथे दुसरा मार्ग नाही, हे मला कबूल करावं लागतंय. पण अटी आहेत. काम करण्याआधी बोर्डाचा फोटो. बारीक तार, कमीत कमी गोंद. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी: कुठली चिप, कुठला कोड, कुठल्या सहा जागा. पुढच्या माणसाला 'कधी उघडलेलं नाही' असं खोटं ऐकावं लागू नये. ती चिठ्ठी नसेल तर माझं भिंतीचं वाक्य जसंच्या तसं लागू.

कथील

चिठ्ठीची अट मला आवडली. माझ्या दोन्ही यंत्रांत ती नाही. या आठवड्यात उघडून लावतो. आणि कधीही न उघडलेलं, पेटीसकट असलेलं पहिल्या वर्षाचं यंत्र कोणी माझ्याकडे चिपेसाठी आणलं तर मी नकार देईन, हेही लिहून ठेवतो.

चक्ती

तुमचं जुळलं असेल, माझं नाही. पहिली लेन्स पॉटला हात न लावता गेली, याचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

तळघर

मघाशी 'ती तुम्ही मारली' हे मी न बघता लिहिलं, ते चुकलं. जुनी पिकअप टाकून दिली नसेल तर सरकणी बोटाने हलवून बघा, डुगडुगते का. आणि ऑसिलोस्कोप मिळत असेल तर सध्याच्या लेन्सवर तीच डिस्क मूळ आणि कॉपी अशी लावून आरएफच्या डोळ्याचे, म्हणजे डिस्कवरून येणाऱ्या सिग्नलच्या आकृतीचे, दोन फोटो टाका. कॉपीचा डोळा खरंच मिटलेला दिसला तर मी माझं म्हणणं बदलेन.

चक्ती

पिकअप ठेवलीय. आत्ताच हलवून बघितली, एका बाजूला डुगडुगते. फोटो रविवारी टाकतो. पण डिस्क मी निवडणार, घाईत लिहिलेली हलकीच लावणार.

तळघर

लावा. सोबत निळाझेंडा म्हणतात तशी संथ लिहिलेली चांगलीही एक लावा, म्हणजे तीन डोळे होतील.