पुरानंतर "बोल, मन मोकळं कर" म्हणणं: मदत की छळ?

पंचगंगाकाठ:
कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्याचे पाण्याच्या पातळीचे आकडे ग्रुपवर पडायला लागले, ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, की आमच्या शेजारच्या काकू रेशनकार्ड आणि घराची कागदं पिशवीत भरून दाराशी ठेवतात, बाहेर ऊन असलं तरी. २०१९ ला माळ्यावर अडकल्या होत्या. तर माझं म्हणणं असं, पूर ओसरायच्या आत निवारा केंद्रात जी मंडळी येतात आणि गोल करून बसवून "काय काय झालं सगळं सांगा" म्हणतात ना, ते बंद करा. एका बैठकीत सगळं उकरून काढायच्या या प्रकाराला डीब्रीफिंग म्हणतात, त्यानं फायदा होत नाही, काहींना उलट त्रास होतो, जागतिक आरोग्य संघटनापण नको म्हणते. त्या टायमाला कोरडं अंथरूण, घरच्यांशी फोन आणि शेजारी कोणतरी बसलेलं पाहिजे. बोलला तर ऐका, नाही बोलला तर चहा द्या.

नादखुळा_०९:
भावा सगळं फॅड हाय. २००५ ला पण पाणी आलेलं, तवा कुणाला पीटीएसडी, म्हंजी धक्क्यानंतर मनात भीती घर करून राहायचा आजार, झाला नव्हता. चिखल काढला, गोठा धुतला, लागलो कामाला. अमेरिकेतल्या सैनिकांचा आजार आपल्या मागं कशाला लावायलाय? तालमीत मेहनत करा, झोप आपोआप लागती.

पंचगंगाकाठ:
व्हिएतनामच्या सैनिकांमुळं जोर आला हे खरं, १९८० ला तिकडच्या आजारांच्या यादीत नाव गेलं, पण पहिल्यापासनं त्यात पूर, अपघात, बलात्कार सगळं धरलंय. आणि बरीच माणसं आपापली सावरतात हे तर मीच म्हणतोय की.

शाहूपुरीची_सून:
नादखुळा भाऊजी, २००५ ला झाला नव्हता का कुणी विचारलंच नव्हतं? आमच्या मामंजींनी २०१९ नंतर शिवाजी पुलावरनं जायचंच सोडलंय. पलीकडं पाहुण्यांचं लग्न असलं की यांचं पोट दुखतं. रात्री नळ गळला तरी उठून बसतात. वयामुळं असेल म्हणून एकांकडनं झोपेची गोळी आणली, ती घेतली की झोप, नाही घेतली की परत तेच, आणि पूल तसाच. म्हणून पंचगंगाकाठ, तुमचं पण पटत नाही. आम्ही इतकी वर्षं चहाच दिला की.

शिरोळचा_मास्तर:
मला एक कळंना. हे म्हणतात बोलायला लावू नका, आणि मी ऐकलंय की याच्या उपचारात तीच आठवण परत परत सांगायला लावतात. मग खरं काय?

एमएसडब्ल्यूवाली:
दोन्ही खरं, फरक वेळेचा आणि पद्धतीचा. पहिल्या काही आठवड्यांत दचकणं, झोप उडणं बऱ्याच जणांना होतं आणि विरतं. महिना उलटूनही तेच डोळ्यापुढं येतंय, त्या जागा टाळल्या जातायत, मन मेल्यासारखं झालंय, सारखं सावध राहिलंय, तर मग ट्रेन्ड माणसाकडं. तिथं आठवण सांगतात ती आठवड्याला एकदा, असं दहा-बारा आठवडे, एकाच माणसाशी, भीती उतरेपर्यंत तिथंच थांबून. पुलाचं पण तसंच, आधी फोटो, मग घाटावर उभं राहणं, मग रिक्षातनं पलीकडं. ईएमडीआर म्हणून डोळे हलवायची पद्धत आहे तीपण चालते. औषधात सर्ट्रालीन देतात, ती नैराश्यावरची गोळी आहे. झोपेच्या गोळीनं हा आजार बरा होत नाही, पण चालू असेल तर एकदम बंद करू नका, डॉक्टरला विचारून हळूहळू.

शिरोळचा_मास्तर:
मॅडम, दहा-बारा आठवडे कोण येणार? नदीपलीकडनं कोल्हापूरला यायचं म्हणजे रोजगार बुडाला.

एमएसडब्ल्यूवाली:
हे खरं दुखणं आहे, याला माझ्याकडं उत्तर नाही. १४४१६ वर टेलिमानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनला, फोन करा, फुकट आहे, मराठीत बोलतात. सुरुवात तरी होईल.

शाहूपुरीची_सून:
पण मामंजी तयार कसे होणार? डॉक्टर म्हटलं की "मी खुळा झालोय काय" म्हणतात.

नादखुळा_०९:
बीपी तपासायला चला म्हणून घेऊन जावा की वैनी.

एमएसडब्ल्यूवाली:
अजिबात नको. पहिल्याच भेटीत कळतं, मग परत पाय ठेवत नाहीत. पुलाचंच विचारा, "मामंजी, परत तिकडनं जायला यावं असं वाटतं का?" हो म्हणाले तर त्याच कारणानं न्या.